सिरसाळ्याहून दिसणारं इंजिनिअरिंग

बारावीचा निकाल लागतो, एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल येतात आणि कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायची वेळ येते. परळी-तेलगाव रस्त्यावरच्या सिरसाळ्यासारख्या गावात हा फॉर्म बहुधा एखाद्या मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात, मागे रांग खोळंबलेली असताना भरला जातो. पडद्यावर कॉलेजांचे कोड असतात, शाखांची नावं असतात, गेल्या वर्षीचा कटऑफ असतो. त्या शाखेतून बाहेर पडलेला माणूस सकाळी कामावर जाऊन नेमकं काय करतो, हे तिथं कुठंच नसतं. मुलगा दुकानदारालाच विचारतो. दुकानदार सांगतो, ‘वर कॉम्प्युटर टाक, मग एआय, उरलं तर मेकॅनिकल.’ दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. विचारल्यावर उत्तर देणारा तेवढा एकच माणूस त्या मुलाला भेटलेला असतो.

पुण्यात कोथरूडला किंवा नाशिकला कॉलेजरोडला वाढलेल्या मुलाचं तसं नसतं. त्याचा मामा टाटा मोटर्समध्ये असतो, शेजारच्या काकू सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करतात, आत्येभाऊ जर्मनीत एमएस करत असतो. डिझाइनचं काम वेगळं, प्रॉडक्शनचं वेगळं, सेल्सवाल्या इंजिनिअरला महिन्यातले पंधरा दिवस फिरती असते, या गोष्टी त्याच्या कानावर जेवता जेवता पडतात. त्यासाठी त्याला कुणाच्या व्याख्यानाला बसावं लागत नाही. सिरसाळ्यात पंडितगुरू पार्डीकर महाविद्यालय आहे, पण इंजिनिअरिंगसाठी मुलं अंबाजोगाई, बीड, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर नाहीतर थेट पुणे गाठतात. यातल्या कित्येकांच्या घरातला पहिला इंजिनिअर म्हणजे ती मुलं स्वतःच. कामाच्या जगाशी त्यांची ओळख करून देणारं घरात कुणी नाही. ती ओळख अभ्यासक्रमानं करून दिली तर होईल, नाहीतर सातव्या सेमिस्टरला प्लेसमेंट सेलच्या नोटीस बोर्डापुढे उभं राहिल्यावर एकदम होईल. तोवर फार उशीर झालेला असतो.

मी इथं ज्या अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना लिहितो आहे त्याचा गाभा ही कामाची ओळख हाच आहे. रोजच्या तासाला, प्रॅक्टिकलला, असाइनमेंटला आणि प्रोजेक्टला विद्यार्थ्याला कामाची किती वेगवेगळी रूपं भेटू शकतात, त्यातलं आपल्याला काय रुचतं आणि काय झेपतं हे त्याला कसं उमगत जातं, आणि शिक्षकानं त्यासाठी काय करावं, याचा हा अभ्यास आहे. करिअर गाइडन्सच्या व्याख्यानाशी त्याची गल्लत करू नये. सूटबूट घातलेला पाहुणा येतो, स्वप्नं मोठी ठेवा म्हणतो, हारतुरे होतात, फोटो निघतात. मुलं टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी जर्नल उतरवायला बसतात.

कामाची ओळख कशी व्हावी हा प्रश्न पूर्वी नव्हता, कारण अभ्यासक्रम आणि नोकरी एकाच दारातून आत येत. १८५४ मध्ये पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं, आजच्या सीओईपीचं मूळ ते हेच. सरकारी बांधकामांसाठी हाताखालचे अधिकारी तयार करायचे, एवढा स्पष्ट हेतू त्यामागे होता. विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये तिथून एलसीई (स्थापत्य अभियांत्रिकीची तेव्हाची पदवी) झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. करिअर शोधायचं असतं ही कल्पनाही तेव्हाच्या विद्यार्थ्याला विचित्र वाटली असती. जवळजवळ शतकभर हे असंच चाललं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटलं. तालुक्याच्या गावी कॉलेजं निघाली, बिगारी आणि शेतमजुरांची मुलं इंजिनिअर होऊ लागली. ही मोठीच गोष्ट झाली आणि तिला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. पण जागा वाढल्या त्या वेगानं कामाची माहिती पसरली नाही. पदवी गावात पोचली, तिचं पुढं काय करतात हे शहरातच राहिलं.

या अभ्यासाचा पाया जगात शंभराहून अधिक वर्षांपासून घातला जातो आहे. बोस्टनच्या फ्रँक पार्सन्सचं व्यवसाय-निवडीवरचं पुस्तक १९०९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. स्वतःला ओळखा, कामं ओळखा, मग दोन्हीचा मेळ घाला, हे त्याचं सूत्र. आपल्याकडच्या अभियोग्यता चाचण्या अजून त्याच सूत्रावर चालतात. पुढं डोनल्ड सुपर यांनी दाखवलं की हा मेळ एकदाच बसून संपत नाही, माणूस आयुष्यभर तो घडवत असतो. १९९४ मध्ये लेंट, ब्राउन आणि हॅकेट यांनी अल्बर्ट बांडुराच्या कामाच्या आधारे जी मांडणी केली, ती सिरसाळ्याच्या मुलाला सगळ्यांत जवळची आहे. ‘हे मला जमेल’ हा भरवसा आवडीच्या आधी येतो, असं ती सांगते. आणि तो भरवसा येण्याचा सगळ्यांत पक्का मार्ग म्हणजे स्वतः करून जमणं. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना पाहणं. मित्राच्या वहीतून उतरवलेल्या जर्नलमधून यातलं काहीच मिळत नाही, हे सांगायला सिद्धान्ताची गरज नाही. पण सिद्धान्तामुळे त्या उतरवण्याची खरी किंमत कळते. गुण तर मिळून जातात, बुडतो तो भरवसा.

परदेशी नावं घेतली म्हणून हा विचार आयात केलेला आहे असं मात्र समजू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण द्यायची कल्पना मांडली, ती पुढं नयी तालीम म्हणून ओळखली गेली. १९८३ मध्ये, म्हणजे विनाअनुदानित कॉलेजं निघाली त्याच वर्षी, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातला हा शास्त्रज्ञ दुष्काळी गावात जाऊन राहिला आणि शाळेच्या मुलांना वेल्डिंग, सुतारकाम, माती-परीक्षण, कोंबडीपालन शिकवू लागला. मुलांनी गावासाठी खरी कामं करायची, ती नीट झाली की गाव पैसे देणार, असा त्यांचा व्यवहार होता. त्या वयात लोखंड हातात घेतलेल्या मुलाला आपल्याला लोखंड आवडतं की नाही हे कळतं. आपल्या बी.ई., बी.टेक.च्या मुलांपैकी कितीजणांना ते पदवीपर्यंत कळतं, याबद्दल मी फार आशावादी नाही.

इंजिनिअरिंगच्या पातळीवर जवळचं उदाहरण आयआयटी मुंबईच्या सितारा या केंद्राचं. १९८५ पासूनचं हे केंद्र ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानावर काम करतं. तिथल्या विद्यार्थ्यांनी कर्जतच्या आदिवासी पाड्यांवरच्या नळपाणी योजना मोजल्या, त्या का कोरड्या पडतात ते तपासलं, आणि हे सगळं अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलं. २०१६ मध्ये राज्य शासनानं उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, त्यामागे हाच विचार होता. जिल्ह्यातल्या कॉलेजनं जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासायला घ्यावेत. सितारात काम केलेले प्रा. मिलिंद सोहोनी यांनी या भूमिकेची सातत्यानं मांडणी केली आहे. समाजाला उपयोग व्हावा हा या कामाचा उघड हेतू. मला त्यात दुसरा, तितकाच मोठा फायदा दिसतो. पाड्यावरची टाकी मोजणारी मुलगी घरी येते तेव्हा तिला जीवन प्राधिकरणाचा उपअभियंता काय करतो, ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी काय करतो, ठेकेदार कुठं हात मारतो आणि सल्लागार कंपनीचा अहवाल कसा लिहिला जातो, हे सगळं ठाऊक झालेलं असतं. एका प्रकल्पात चार-पाच नोकऱ्या आतून दिसून जातात.

आता सिरसाळ्यालाच या. गावापासून विसेक किलोमीटरवर परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे. त्याचा पहिला, ३० मेगावॅटचा संच १९७१ मध्ये सुरू झाला. आता तिथं २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. चिमण्या आणि कूलिंग टॉवर लहानपणापासून पाहिलेले, राखेची वाहनं रोज रस्त्यानं जाणारी. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला थर्मोडायनॅमिक्समध्ये रँकाइन सायकल येते. बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर, फीडपंप या चार डब्यांची आकृती मुलं पाठ करतात, स्टीम टेबलवरून एन्थाल्पी काढतात, कार्यक्षमता काढतात, मोकळी होतात. त्या आकृतीचा आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या टॉवरचा संबंध कुणी जोडून देत नाही.

तो जोडायला एक गणित पुरतं. २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारानं चोवीस तास चालला तर ६० लाख युनिट वीज तयार होते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं डिसेंबर २०१५ मध्ये कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांसाठी पाणीवापराची मर्यादा घातली, दर मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर. त्या हिशेबानं या एका संचाला दिवसाला २१,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी १० लाख लिटर पाणी लागतं. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापानं भागलं तर पावणेचार लाखांहून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी. हे उत्तर फळ्यावर आल्यावर वर्गात शांतता होत नाही, भांडण होतं. कंडेन्सरला इतकं पाणी का, हवेनं थंड करता येणार नाही का, माजलगावच्या धरणातलं पाणी आधी कुणाचं, शेतीचं, परळीचं की विजेचं? फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, हे कुणीतरी घरी ऐकलेलं असतं, ते तो सांगतो.

या भांडणात कोण काय बोलतो याकडे शिक्षकानं लक्ष ठेवावं. एअर-कूल्ड कंडेन्सरनं कार्यक्षमता किती घसरेल ते लगेच काढायला बसणारी मुलगी डिझाइनमध्ये किंवा संशोधनात रमेल अशी शक्यता आहे. पाण्याच्या वाटपाचे नियम कोण ठरवतं असं विचारणाऱ्याला जलसंपदा खातं, नियामक आयोग, धोरणाचं काम दाखवावं. केमिस्ट्री आवडणाऱ्याला कळत नसतं की बॉयलरला जाणारं पाणी शुद्ध करणारा डीएम प्लँट हे केमिस्टचं राज्य असतं. कंट्रोल रूमचं नाव काढताच ज्याचे डोळे चमकतात, त्याला इन्स्ट्रुमेंटेशन म्हणजे काय ते आज पहिल्यांदा सांगावं. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची वेगळी परीक्षा असते आणि ती झालेल्या माणसाला साखर कारखाने, औषध कंपन्या, कापड गिरण्या अशी जिथं जिथं वाफ आहे तिथं मागणी असते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्याखाली प्रमाणित एनर्जी ऑडिटर होता येतं. ही दोन नावं शेवटच्या वर्षाच्या वर्गात विचारून पाहावीत, किती हात वर येतात ते.

राखेचंही तसंच. एका युनिटला ७०० ग्रॅम कोळसा धरला आणि कोळशात ३५ टक्के राख धरली, तर याच संचातून दिवसाला जवळजवळ दीड हजार टन राख निघते. तीन किलोच्या विटेत ६० टक्के राख घातली, तर ती संपवायला रोज आठ लाखांवर विटा पाडाव्या लागतील. इतक्या विटा घेणार कोण? सिव्हिलच्या मुलांनी मटेरियल टेस्टिंगच्या प्रॅक्टिकलला परळी-सिरसाळा भागातलीच राखेची वीट आणावी. कॉम्प्रेशन मशीनवर ती फोडावी, पाण्यात चोवीस तास बुडवून किती पाणी पिते ते वजन करून पाहावं आणि भट्टीची लाल वीट शेजारी ठेवावी. मग कंत्राटदार कुठली वीट घेतो आणि का, हे साइटवर जाऊन विचारावं. राखेच्या वापराबद्दलची पहिली अधिसूचना १९९९ ची, नंतरची महत्त्वाची २०२१ ची. राखेची वाहतूक हा या भागात पैशाचा, वादाचा आणि राजकारणाचाही विषय आहे आणि तो वर्गाबाहेर ठेवता येईल असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. क्वालिटी कंट्रोल, बांधकाम साहित्याचा व्यवसाय, पर्यावरण सल्लागार, प्रदूषण नियंत्रण मंडळ, या सगळ्या वाटा त्या विटेपासून फुटतात.

एक धोका मात्र इथंच सांगायला हवा. कामाची ओळख म्हणजे जवळच्या कारखान्यासाठी मनुष्यबळ तयार करणं नव्हे. २०१३ चा दुष्काळ आठवा. वर्गातल्या सगळ्यांना परळीच्या संचांसाठीच घडवलं असतं, तर पाणी आटल्यावर त्यांचं शिक्षणही आटलं असतं. तिथले जुने संच तर आता कायमचे बंद झाले आहेत. रँकाइन सायकल नीट समजलेला विद्यार्थी तेलगावच्या साखर कारखान्यातल्या बगॅसवरच्या सहवीज प्रकल्पात उभा राहू शकतो आणि दक्षिण कोरियातल्या टर्बाइन कंपनीतही. मूळ विषय पातळ करून वर कामाची माहिती शिंपडली, तर दोन्हीकडून नुकसान. गणिताच्या शिक्षकाला तर मी म्हणेन, फूरिए सिरीजच्या प्रत्येक तासाला नोकरीचा पुरावा मागणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

बीड जिल्ह्याच्या वर्गात आणखी एक गोष्ट असते, जी पुण्याच्या वर्गात सहसा नसते. दिवाळीच्या सुमाराला इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. अशा घरातला विद्यार्थी वर्गात असतो आणि बहुधा त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही. मशीन डिझाइनच्या तासाला ऊसतोडणी यंत्राचा प्रश्न काढून पाहा. यंत्राला दोन सऱ्यांत चार-पाच फुटांचं अंतर लागतं, लहान तुकड्यात ते वळत नाही, उसाबरोबर पाचटही कारखान्यात जातं. ऊस कुठून तोडायचा, शेंडा कुठं मारायचा, मोळी किती जाडीची बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना गुडघ्यावर किती भार येतो, हे त्या विद्यार्थ्याला कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट माहीत असतं. बोलायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवावं. शिक्षकानं त्याचं नाव घेऊन त्याला उभं करू नये, एवढं तारतम्य हवंच. पण प्रश्न वर्गात आला की त्याच्याजवळचं ज्ञान अभियांत्रिकीचं ठरतं. शिवाय असाही प्रश्न निघतो की हे यंत्र सगळीकडे आलं तर कोयत्याचं काय होईल, आणि त्याचं उत्तर मशीन डिझाइनच्या पुस्तकात नाही. यंत्राचा आराखडा करणारा, शेतकऱ्यांना ते भाड्यानं पुरवणारा आणि या बदलाचा अभ्यास करून सरकारला अहवाल देणारा, तिघंही इंजिनिअर असू शकतात.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं, थोडक्यात लिहितो. पुण्याला इंटर्नशिप म्हटल्यावर घरून नकार येणाऱ्या मुली बऱ्याच आहेत. परळी, माजलगाव, अंबाजोगाईला जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं काम अभ्यासक्रमातच असलं, तर तो नकार निम्म्या वेळा तरी येत नाही. आणि एकदा साइटवर जाऊन आलेली मुलगी पुढच्या वेळी घरी वेगळ्या आवाजात बोलते. वडिलांनाही एकदा ते काम दाखवावं. आपल्याकडे करिअरचा निर्णय एकट्या विद्यार्थ्याचा नसतो. बंगळूरचे गिडियन अरुळमणी यांनी भारतीय कुटुंबांच्या करिअरविषयीच्या समजुतींवर केलेलं काम या संदर्भात आवर्जून वाचावं.

एमपीएससीचं काय, असं कुणी विचारेल. स्पर्धा परीक्षेला बसणं वाईट नाही. स्थापत्य अभियंता म्हणून जलसंपदा खात्यात जायचं हे विचारपूर्वक ठरवलेला विद्यार्थी आणि दुसरं काही दिसलंच नाही म्हणून पाच वर्षं सदाशिव पेठेत अभ्यासिकेची फी भरणारा विद्यार्थी, या दोघांत फरक आहे. पहिल्याला ते खातं तिसऱ्या वर्षीच आतून दाखवता आलं असतं, आणि ते आवडलं नाही असं त्यानं सांगितलं असतं तर तेही चांगलंच झालं असतं. नको असलेली वाट लवकर कळणं हा या पद्धतीचा फायदा आहे, तो हिशेबात धरला जात नाही.

कागदावर बरंच काही आलेलं आहे. एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमानं श्रेयांकांची संख्या १६० वर आणली आणि इंटर्नशिपला जागा केली, २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं दुसऱ्या शाखेचे विषय घ्यायला वाट मोकळी केली. प्रत्यक्षात इंटर्नशिपचं सर्टिफिकेट ओळखीनं मिळतं आणि प्रोजेक्ट रिपोर्टसकट विकत मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अभ्यासकांसाठीही इथं भरपूर काम पडून आहे. अशा पद्धतीनं शिकलेले विद्यार्थी पाच-सात वर्षांनी कुठं असतात? गावचे प्रश्न अभ्यासणारी मुलं गावाकडे राहतात की उलट अधिक आत्मविश्वासानं बाहेर पडतात? मराठवाड्यातली मुलं आणि पश्चिम महाराष्ट्रातली मुलं यांच्यात फरक पडतो का? मराठीतून इंजिनिअरिंग शिकणारी पहिली तुकडी पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात २०२१ मध्ये सुरू झाली, त्या मुलांना कामाच्या जागी काय अनुभव येतो? यातल्या एकेका प्रश्नावर पीएच.डी. होईल.

शिक्षकाला मात्र त्यासाठी थांबायची गरज नाही. सिलॅबस संपत नाही ही त्याची तक्रार खरी आहे आणि त्यात भर घालायला मी सांगत नाही. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात थिअरीच्या एका विषयाचे १०० गुण असतात. त्यातले ६० अंतिम परीक्षेचे, २० मध्यसत्र परीक्षेचे आणि उरलेले २० सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे. हे शेवटचे २० पूर्णपणे शिक्षकाच्या हातात आहेत. आज ते बहुतेक ठिकाणी असाइनमेंट म्हणून प्रकरणाखालचे प्रश्न उतरवून दिल्यावर मिळतात. त्यातले दहा गुण एका पानाला द्यावेत. पानावर युनिटमधलं एकच गणित असावं, ते जवळच्या कुठल्या तरी खऱ्या जागेच्या आकड्यांनी सोडवलेलं असावं, ते काम रोज करणाऱ्या एका माणसाशी झालेलं बोलणं असावं, आणि हे काम मला करायला आवडेल की नाही आणि का, याच्या चार ओळी असाव्यात. शेवटच्या चार ओळींना उत्तर कुठलंही असलं तरी गुण द्यावेत, कोऱ्या सोडल्या तरच कापावेत.